टर्बाइन हॉल आणि आमचे व्याही

बंद पडलेल्या वस्तूला सुखाने बंद पडू द्यायचं नाही, असा पण केलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझी मुलगी नेमकी त्याच्याच घरात दिलेली आहे. व्याही नसते तर मी त्यांना टाळलं असतं, निदान सकाळी फिरायला दुसऱ्या रस्त्याने गेलो असतो. मुलीच्या बापाला ही सोय नसते. सकाळी फोन येतो, पलीकडून 'व्याहीबुवा, निघा' एवढंच ऐकू येतं, आणि मी निघतो. कुठे, कशाला, जेवायला परत येणार की नाही, हे सगळं आमची ही मागून विचारत असते आणि मी जिना उतरता उतरता 'बघू' म्हणतो. सरकारी बांधकाम खात्यात उभी हयात काढून मी निवृत्त झालो, तो आता आपल्याला कुणी उठवणार नाही या एका आशेवर. मुलीचं लग्न ठरलं त्याच दिवशी ती आशा संपली, हे कळायला मात्र मला वेळ लागला.

शहरातल्या द्वारकेच्या चौकाजवळ त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. गणपती असो, उरूस असो, शाळेचं गॅदरिंग असो की निवडणूक, शहरात जिथे जिथे कानठळ्या बसल्या तिथे तिथे त्यांचा हात होता. मुलगा कॉम्प्युटरमध्ये गेला, नवीन मंडळी ट्रकभर पेट्या घेऊन धंद्यात उतरली, तेव्हा त्यांनी शटर ओढलं. पण 'दुकान बंद केलं' असं ते म्हणत नाहीत. 'जरा शांत ठेवलंय' असं म्हणतात. घरात तर कुठलीच गोष्ट शांत नाही. एक जुनं हॉटेल पाडलं तेव्हा त्यातल्या लिफ्टचा पिंजरा त्यांनी आणला आणि त्याचं देवघर केलं. विहीणबाई रोज सकाळी ते लोखंडी जाळीचं दार खडखडत बाजूला सारतात, पूजा करतात आणि पुन्हा खडखडत लावतात. मी एकदा म्हटलं, "छान आहे." तर त्या थंडपणे म्हणाल्या, "छान कसलं? इतकी वर्षं झाली, देव अजून तळमजल्यावरच आहेत."

शहरातलं एक थिएटर मोडीत निघालं, तेव्हा त्यांनी खुर्च्यांची एक अख्खी रांग उचलून आणली आणि बैठकीच्या खोलीत फरशीला बोल्ट मारून बसवली. मुलीच्या लग्नाची बोलणी आम्ही त्या रांगेत बसून केली. एका टोकाला व्याही, दुसऱ्या टोकाला मी, मधे दोन्हीकडचे नातेवाईक आणि सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. व्याही भिंतीला म्हणाले, "आमची काहीएक अपेक्षा नाही." मी भिंतीला म्हणालो, "तरी पण, मानपानाचं..." चहाचे कप एका टोकाकडून हातोहात सरकत आले. माझा मेहुणा भावनेच्या भरात बोलायला म्हणून उठला, तशी त्याच्यामागे खुर्ची धाडकन मिटली आणि तो जे बोलणार होता ते कायमचं राहून गेलं. लग्न ठरलं ते बहुधा सगळ्यांनाच लवकर उठायचं होतं म्हणून.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे टाळी. नव्या जागेत पाऊल टाकलं की आधी एक टाळी वाजवायची, मान तिरकी करायची आणि भिंती काय म्हणतात ते ऐकायचं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा टाळी वाजवून म्हणाले, "पडदे फार झालेत." डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, बँकेत, लोकांच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला, कुठेही त्यांचा हात राहत नाही. एकदा त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत त्यांनी अशीच एक टाळी वाजवली. मागच्या माणसाला वाटलं आरती सुरू झाली. त्याने ठेका धरला, त्याच्या मागच्याने धरला, आणि बघता बघता ती अख्खी रांग डोळे मिटून टाळ्या वाजवू लागली. व्याही मात्र कान टवकारून छताकडे बघत होते. "दगड चांगला आहे," ते मला म्हणाले.

अशा माणसाला शहराबाहेरच्या त्या जुन्या वीजकेंद्राचा पत्ता कुणी द्यायला नको होता. रेल्वेमार्गाच्या कडेला ते केंद्र कितीतरी वर्षं बंद पडून होतं. धुराडं उभं होतं, पण त्यातून धूर येत नव्हता. कोळशाच्या रुळांवर बाभळी उगवल्या होत्या. तिथल्या भंगाराचा लिलाव आहे असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि ते गेले. काय आणायला गेले होते ते आजही कुणाला ठाऊक नाही. विहीणबाईंनी मात्र त्या दिवशी पुढच्या अंगणात उभं राहून ट्रकची वाट पाहिली होती. व्याही रिकाम्या हातांनी परतले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला फोन.

"व्याहीबुवा, टर्बाइन हॉल बघितला. आत काही नाही, मशिनं नेली सगळी. टाळी वाजवली. गेली ती गेलीच. मला वाटलं हरवली. मग आली माघारी, हळूहळू, मोठी होऊन."

"बरं मग?" मी विचारलं.

"मग काय? भंगारात घालायचा का असला हॉल? इथे गाणं होईल, नाटक होईल, पोरं चित्रं काढतील. सगळ्यांसाठी उघडं. तुम्ही निघा."

त्यानंतर माझ्या निवृत्तीचं काय झालं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. मी सरकारी भाषेत अर्ज लिहायचा आणि त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवून केबिनमध्ये टाळी वाजवायची, अशी आमची विभागणी झाली. एक साहेब म्हणाले, आधी कुंभमेळा होऊ द्या. त्यांची बदली झाली. दुसरे म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण पार्किंगचं काय? त्यांचीही झाली. तिसरे इतके सज्जन होते की त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि शेवटी विचारलं, "पण हे केंद्र आमच्या खात्यात येतं का?" येत नव्हतं. मुंबईहून एक सल्लागार आला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, धुराड्याखाली टेबलं मांडून गोरे लोक कॉफी पितायत. व्याह्यांनी विचारलं, "ही माणसं कुठनं आणणार?" तो म्हणाला, "काका, ते नुसतं कल्पना यावी म्हणून आहे." मग जागेला नाव काय द्यायचं यावर एक बैठक झाली. तीत प्रत्येकाने आपापल्या पुढाऱ्याचं नाव सुचवलं आणि सगळे एकमेकांवर रुसून निघून गेले. परतताना दर वेळी द्वारकेच्या चौकात गाडी अडकायची आणि मी खिडकीला डोकं टेकून मनात म्हणायचो, आता सुटका व्हावी. चौक किंवा व्याही, कुणाच्याही तावडीतून.

ते दमत नाहीत, ही माझी खरी तक्रार होती. मी फायलींमध्ये म्हातारा झालेला माणूस. कुठली फाइल जगणार आणि कुठली मरणार हे मला नुसत्या वासावरून कळतं, आणि ही मेलेली होती. मी तसं सांगितलं की ते म्हणायचे, "मेली नाही हो, जरा शांत आहे."

शेवटी त्यांना थांबवलं ते कुठल्या साहेबाने नाही. केंद्राला लागून कामगारांची वसाहत होती. बरीच घरं रिकामी, काचा फुटलेल्या, पण काही बिऱ्हाडं अजून तिथेच होती. एका दुपारी हॉल बघून आम्ही बाहेर आलो तेव्हा फाटकाशी चार-सहा माणसं उभी होती. पुढे एक उंच, वाकलेले गृहस्थ होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. हे शेखभाई, टर्बाइनचे जुने ऑपरेटर. मशिनच्या आवाजाने कान गेल्यामुळे ते मोठ्याने बोलत.

"दादा, तुम्ही इथं गाणंबजावणं करणार म्हणे?"

"सगळ्यांसाठी करणार," व्याही उत्साहाने म्हणाले. "किती दिवस असं बंद ठेवायचं? हे पुन्हा चालू करायचं."

"चालू?" शेखभाई हसले. "हमको बोला था, रिपेरीला थांबवलंय. टर्बाइनचा नवा संच येणार, तोवर थांबा. त्यावर थांबलो आम्ही. माझा लेक दुसऱ्या गावाला गेला नाही, का, तर इथं काम निघेल. गाणं झालं म्हणजे समजायचं, आता नाय निघणार. हो ना?"

मागून एक बाई म्हणाल्या, "लय वर्सं झाली दादा, पण कोनी येऊन सांगितलं नव्हतं की संपलं म्हनून."

"तुम्ही चालू नाही करत, दादा," शेखभाई म्हणाले. "तुम्ही बंद करताय. आजपर्यंत बंद असून बंद नव्हतं."

ते रागावून बोलले असते तर व्याह्यांनी उत्तर दिलं असतं. भांडण त्यांना झेपतं. निवडणुकांत दोन्ही पक्षांना कर्णे पुरवलेला माणूस. पण शेखभाई नुसते सांगत होते. व्याही माझ्याकडे बघू लागले, जणू काही सरकारी भाषेत याला काहीतरी उत्तर असेल. मी गाडीचं दार उघडलं. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला हे सुचलंच नाही हो."

पुढे त्यांचा फोन आला नाही. मी सकाळचा चहा दोनदा घेऊ लागलो, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचू लागलो, आणि का कोण जाणे, फोन चालू आहे ना, हे अधूनमधून तपासू लागलो. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. विहीणबाई म्हणाल्या, "नाहीत. कॉलनीत गेलेत. रोज जातात." काय करतात तिथे, तर शेखभाईंच्या ओट्यावर बसतात. मी गेलो तर खरंच दोघं शेजारी शेजारी बसलेले. व्याह्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. आता एका बहिऱ्या माणसाशेजारी बसून ते नुसतं ऐकत होते. हॉलचा विषय नव्हता. शेखभाईंच्या सुनेने आणलेला चहा, पाण्याच्या टाकीची गळती, लेकाला शेवटी अंबडच्या कारखान्यात लागलेलं काम, असलं काहीबाही चालू होतं. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा शेखभाई आपणहून म्हणाले, "दादा, कुलूप लावून सडवण्यापेक्षा माणसं येऊ दे. पण पहले हम अंदर जायेंगे. पाहुणे नंतर."

एका रविवारच्या दुपारपुरती हॉलमध्ये कार्यक्रमाला परवानगी मिळाली, ती बहुधा कुणाचा तरी नजरचुकीने होकार गेला म्हणून. व्याह्यांनी शांत ठेवलेलं दुकान उघडलं, कर्णे पुसले, वायरी सोडवल्या. ठरल्याप्रमाणे आधी कामगार आत गेले. पन्नाशी-साठी-सत्तरीतले पुरुष, कुणी काठी टेकत, कुणी नातवाचा हात धरून. मशिनं नव्हती, त्यांचे सिमेंटचे चौथरे उरले होते. आणि मग मी एक गंमत पाहिली. आत शिरताच ही माणसं बोलायची थांबली. इकडून एकाने हात वर करून दोन बोटं फिरवली, तिकडून दुसऱ्याने कपाळाला हात लावून उत्तर दिलं, तिसऱ्याने पोटावर थाप मारली आणि सगळे हसले. हॉल चालू असताना तिथे माणसाचा आवाज पोचायचाच नाही, म्हणून त्यांची ही हातांची भाषा. आता हॉल थंड पडला होता, टाचणी पडली तरी ऐकू आली असती, तरी त्यांचे हात आपोआप चालू झाले होते. माझ्या शेजारी एक नांदगावकडचे फिटर उभे होते. मी विचारलं, "काय म्हणतायत?" ते म्हणाले, "चहा आला का इचारतोय. तो म्हनतो, आला, पर बिस्किट नाय."

नंतर पाहुणे आले आणि कार्यक्रमाची माती झाली. प्रमुख पाहुण्यांनी "बंधू आणि भगिनींनो" म्हटलं ते हॉलने झेललं, फिरवलं आणि ते पुढच्या वाक्यावर आले असताना त्यांच्या अंगावर फेकलं. दोन पाहुणे एकमेकांवर ओरडतायत असं वाटू लागलं. कॉलेजच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं, त्यातलं 'स्वागत' तेवढं उरलं आणि ते छताशी घिरट्या घालत राहिलं. व्याही धावत होते. कर्णे फिरवले, भिंतींना सतरंज्या टांगल्या, गोणपाटं बांधली. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. ज्या घुमण्यावर ते भाळले होते त्यानेच सूड उगवला होता. पाहुणे घड्याळाकडे बघू लागले, साहेब फोनकडे. शेवटी व्याह्यांनी ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं. आयुष्यात त्यांनी स्वतःहून आवाज बंद केल्याची ही पहिलीच वेळ असावी. ते त्याच्यापाशीच खाली बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

शेखभाईंचा सत्कार तेवढा राहिला होता. ते स्टेजवर गेले, शाल घेतली, माइककडे पाहिलं आणि तो बाजूला केला. मग ते स्टेजवरून उतरून मधल्या एका चौथऱ्यावर चढले. तिथे त्यांचं मशिन होतं म्हणे. त्यांनी सगळ्या कामगारांकडे एकदा बघितलं, दोन्ही हात छातीसमोर आडवे धरले, तळवे खाली करून, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, कमरेपर्यंत खाली आणले.

कुणी हसलं नाही. माझ्या शेजारच्या फिटरनी डावा हात डोक्यावर उंच धरला. सगळ्या हॉलभर तसे हात वर गेले.

मी पुटपुटत विचारलं, "काय सांगितलं?"

"संच बंद करा," फिटर म्हणाले. "आमी म्हनलं, समजलं." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "त्या टायमाला रिपेरीला म्हनून थांबवला न्हवं का. ही खूण कोनी दिलीच न्हवती."

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. त्यांनी हात वर केला नाही. ती खूण त्यांच्यासाठी नव्हती, हे त्यांना कळलं असावं. चष्मा काढून ते सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. त्या संध्याकाळी द्वारकेला गाडी नेहमीप्रमाणे अडकली आणि पहिल्यांदाच मला तिथून लवकर निघायची घाई नव्हती.

त्या दुपारी आलेल्या अधिकाऱ्यांपैकी एका बाईच्या मनात ते हात राहिले असावेत. तिने फाइल उचलली आणि कोण जाणे कशी, तिची बदली होण्याआधी हॉल मंजूर झाला. सगळं मात्र वाचलं नाही. बॉयलर भंगारात गेला, धुराडं सुरक्षेच्या कारणाने पाडलं, वसाहतीतल्या बिऱ्हाडांना शहरात घरं मिळाली, म्हणजे काहींना मिळाली. हॉलच्या भिंतींना लाकडी पट्ट्या लागल्या, आवाज माणसाळला. उद्घाटनाच्या पाटीवर बरीच नावं आहेत. आमच्या व्याह्यांचं नाही, शेखभाईंचंही नाही. पत्रिका व्याह्यांना उशिरा आली. ते गेले, मागे बसले, टाळ्यांच्या वेळी टाळ्या वाजवल्या. आता तिथे शनिवारी मुलांचा चित्रांचा वर्ग असतो, कधी नाटकाच्या तालमी, कधी शाहिरी. शेखभाई लेकाबरोबर अंबडला राहतात, पण महिन्यातून एकदा सगळ्यांना जमवून तिथे येतात आणि बायकांना कळणार नाही अशा हातांच्या भाषेत गप्पा मारत बसतात. साधंच चाललंय, पण चाललंय.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघे हॉलच्या पायऱ्यांवर बसलो होतो. समोरच्या रुळांवरून मनमाडकडे जाणारी मालगाडी चालली होती. आत कुणीतरी तबल्याचा सराव करत होतं, तेच तेच चुकत, पुन्हा सुरुवात करत. व्याही बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "व्याहीबुवा, दमलो हो."

इतकी वर्षं मी हे वाक्य मनात धरून होतो. त्यांनी म्हणावं आणि माझी सुटका व्हावी. ऐकलं आणि मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांचे हात बारीक दिसले, गळ्याची कातडी सैल झालेली दिसली. मी घाईघाईने म्हणालो, "दमून कसं चालेल? आतले दोन पंखे लागले नाहीत अजून. स्वच्छतागृहाला पाणी नाही. परवा जाऊ साहेबांकडे, मी अर्ज लिहून ठेवतो."

ते हसले. "परवा जाऊ," म्हणाले. मालगाडी संपेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

परवाच्या दिवशी मी सकाळी लवकर आवरलं, बूट घातले, दाराशी खुर्ची घेऊन बसलो. ते आले नाहीत. दुपार कलल्यावर फोन आला. आवाज ओशाळलेला. "अहो, जरा पडलो होतो, झोप लागली."

"झोपा," मी म्हटलं, "काही घाई नाही." आणि बूट तसेच पायांत ठेवून, संध्याकाळ होईपर्यंत दाराशी बसून राहिलो.